दीड हजारातली काठी आणि रील: सांगलीच्या पाण्यावर किती कामाची?

खांद्याला अडकवायची काळी पिशवी. आत ७ फुटांची घडीची काठी, ३००० नंबरचं रील, तंगुसाची (नायलॉनच्या दोऱ्याची) एक गुंडी, प्लॅस्टिकच्या डबीत गळ, शिशाचे मणी, रंगीत फ्लोट (तरंगणारी बुचं), फिरत्या कड्या आणि रबरी मासे-बेडूक. ऑनलाइन साधारण १,२०० ते २,००० रुपयांना मिळणारा हा संच गळाचा नाद नव्याने लागलेल्यांची पहिली खरेदी असतो. नावं वेगवेगळी, वरचा स्टिकर बदलतो, आतला माल थोड्याफार फरकाने तोच. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या जातीच्या संचाचं आहे, आणि सांगली-मिरज भागातल्या पाण्यावर तो कसा वागतो याचं आहे.

निकाल आधीच सांगतो. काठी आणि रील पैसे वसूल करतात. तंगूस, गळ आणि फिरत्या कड्या पहिल्याच दिवशी बाजूला काढाव्या लागतात, म्हणून बदलीचे आणखी ३००-४०० रुपये किमतीत धरूनच संच घ्यावा. रबरी बेडूक तेवढा ठेवावा. उरलेली डबी लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी, कारण त्यातल्या बहुतेक चकचकीत खेळण्यांना तिहेरी गळ असतात.

पण रील हवंच कशाला, हा प्रश्न आधी. कोकणातली गरी ती आपल्याकडे गळ, आणि आपला गळ म्हणजे १०-१२ फुटांचा वाळलेला बांबू, काठीएवढंच लांब तंगूस, ज्वारीच्या धाटाच्या तुकड्याचं बूच, शिशाचा एक मणी आणि गांडूळ. सगळा खर्च शंभराच्या आत. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या पाझर तलावांत काठापासून आठ-दहा फुटांवर चिलापी चरत असते, तिथे हा बांबू दीड हजाराच्या संचाला सरळ हरवतो. फेकायचं काही नाही, गुंता नाही, मुलाला पाच मिनिटांत जमतं. घरच्यांना एखादा रविवार तळ्याकाठी घालवायचा असेल तर संच घेऊच नका.

कृष्णेवर मात्र हिशेब उलटतो. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज ते हरिपूर या पट्ट्यात नदीत मगरी आहेत आणि माणसांवर हल्लेही झालेले आहेत. बांबूचा गळ माणसाला पाण्याच्या कडेला, बरेचदा घोट्याएवढ्या पाण्यात उभं करतो, आणि मगर दबा धरते ती नेमकी तिथेच. रील असलेली काठी २५-३० मीटर लांब फेकते, त्यामुळे पाण्यापासून सहा-सात मीटर मागे, उंच दरडीवर किंवा घाटाच्या वरच्या पायरीवर बसून गळ टाकता येतो. जाहिरातीत मोठ्या माशाचं चित्र असतं. सांगलीकराने पैसे मोजायचे ते या सहा-सात मीटरसाठी.

आता काठी. २.१ मीटरची फायबरग्लासची काठी मिटल्यावर हातभर होते, दुचाकीच्या डिकीला बांधून नेता येते. वर 'कार्बन' छापलेलं असलं तरी या किमतीत मिश्रणच मिळतं, आणि नवख्याला ते बरंच आहे. निव्वळ कार्बन हलका, पण दगडावर आपटला की चीर जाते. ग्लास वजनाला जड, सोसायला चांगला. मुठीच्या वर फेकीचं वजन छापलेलं असतं, उदाहरणार्थ २०-५० ग्रॅम. शिसं, फ्लोट आणि आमिष मिळून जे वजन होतं ते या मर्यादेत हवं. शंभर ग्रॅमचं शिसं लावून जोरात फेकलं तर पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेकीला टोकाचा सांधा उडतो.

काठी उघडताना टोकाकडून सुरुवात करायची. सगळ्यात बारीक कांडं आधी पूर्ण ओढा, त्याची तंगूस ओवायची कडी रीलच्या रेषेत आणा, हलकासा पीळ देऊन बसवा, मग पुढचं कांडं. मिटताना उलटं, बुडाकडच्या जाड कांड्यापासून. बहुतेक जण काठी झटक्याने तलवारीसारखी उघडतात. त्याने सांधे इतके घट्ट बसतात की संध्याकाळी मिटतच नाहीत. अशा वेळी पकडीने पिळू नका, नळी चिरते. दोन्ही हातांत रबरी हातमोजे घालून सांध्याच्या दोन बाजूंनी धरा आणि उलट-सुलट पीळ देत आत ढकला. तरीही नाही बसलं तर काठी उभी धरून बूड लाकडी फळीवर हलकेच ठोका. कृष्णेच्या काठची बारीक वाळू सांध्यात गेली की हेच होतं, म्हणून काठी वाळूत आडवी टाकायची नाही आणि घरी आल्यावर बुडाची टोपी उघडून कांडी पुसून घ्यायची.

टोक मोडण्याचं दुसरं कारण मासा नसतो, आपला हात असतो. मासा काठाजवळ आला की नवखा माणूस काठी थेट डोक्यावर उभी करतो. काठी पाण्याशी ४५ ते ६० अंशांत असते तेव्हा ताण जाड भागावर येतो. नव्वदच्या पुढे गेली की सगळा ताण शेवटच्या वीतभर कांड्यावर. मासा उचलायचा नाही, ओढत आणायचा आणि जाळीत घ्यायचा.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही पत्रकात छापलेली नसते. कृष्णाकाठी हर शे-दोनशे पावलांवर उपसा मोटारी आहेत आणि त्यांच्या वायरी दरडीवरून खाली लोंबतात. कार्बन वीज वाहून नेतो, ओली ग्लासची काठीही भरवशाची नाही. काठी उघडायच्या आधी मान वर करून बघायचं. जॅकवेलजवळ, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीजवळ, गळ टाकण्यात तसाही अर्थ नाही, पाण्यातल्या पाइपांत आणि फुटव्हॉल्व्हच्या जाळीत गळ अडकतो आणि पंपवाला ओरडतो तो वेगळा.

रीलवर '१२+१ बेअरिंग' असलं काही छापलेलं असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा. हाताने तपासायच्या गोष्टी तीन. हँडल हळू फिरवताना खरखर किंवा अडखळ लागते का. हँडल धरून आडवं हलवलं तर किती ढिलं वाटतं, थोडं चालेल, खडखडलं तर परत. आणि तंगूस ज्या लहान चाकावरून वळतं ते रोलर बोटाने फिरतं का. रोलर जाम असेल तर तंगूस त्याच्यावर घासत राहतं आणि महिन्याभरात तिथे खाच पडते. या किमतीच्या रीलमध्ये बिघाडाची पहिली जागा हीच. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब तिथे, एक हँडलच्या मुळाशी, दोन-तीन फेऱ्यांनंतर एकदा, एवढ्यावर रील बरीच वर्षं चालतं. हँडल स्क्रू काढून डाव्या-उजव्या कुठल्याही बाजूला बसतं. उजव्या हाताने फेकणाऱ्याने ते डावीकडे बसवावं, म्हणजे फेकल्यावर काठी हात बदलत नाही.

नवख्यांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तंगूस भरण्यात असतं, म्हणून इथे जरा थांबू. संचासोबत येणारं तंगूस बहुधा जुनं आणि कडक असतं. गुंडीतून काढलं की स्प्रिंगसारखी वेटोळी तशीच राहतात. त्यातलं हातभर तंगूस गळाला बांधून, गाठ ओली करून, ताणकाट्याला लावून ओढा. पाकिटावर छापलेल्या ताकदीच्या निम्म्यावरच तुटलं तर सगळी गुंडी कचऱ्यात. नवीन घ्यायचं ते ०.३० मिलिमीटर जाडीचं साधं नायलॉन. चांगल्या प्रतीचं असेल तर ते पाच-सहा किलो ताण सहज सोसतं आणि कृष्णेतल्या दोन-तीन किलोच्या माशाला पुरून उरतं. वेणीचं तंगूस दिसायला भारी असतं, पण दरडीच्या खडकाला घासलं की पटकन तुटतं आणि बोट कापतं. पहिल्या वर्षी नको.

स्पूलवर, म्हणजे रीलच्या तंगूस गुंडाळायच्या चकरीवर, ०.२५/२४०, ०.३०/१६५ असे आकडे असतात. पहिला आकडा जाडी मिलिमीटरमध्ये, दुसरा लांबी मीटरमध्ये. म्हणजे ०.३० चं तंगूस साधारण दीडशे मीटर लागेल. शंभर मीटरची गुंडी आणली तर स्पूल अर्धवट भरतं, तंगूस कडेवर घासत बाहेर पडतं आणि फेक निम्म्यावर येते. अशा वेळी तळाला जुनं तंगूस भरून त्यावर नवीन घ्यावं. भरताना गुंडी लेबल वर करून जमिनीवर ठेवा, काठीच्या खालच्या कडीतून तंगूस घ्या, रीलची कमान (स्पूलभोवतीची तारेची दांडी) उघडून स्पूलला गाठ मारा, कमान मिटा आणि ओल्या फडक्यात तंगूस चिमटीने धरून ताण देत हँडल फिरवा. वीस-पंचवीस फेऱ्यांनी थांबून तंगूस ढिलं सोडून बघा. त्याला पीळ पडत असेल तर गुंडी उलटी करून ठेवा. कडेला दोन-तीन मिलिमीटर जागा राहिली की थांबा. काठोकाठ भरलं तर फेकताना एकाच वेळी दहा-बारा वेटोळी सुटतात आणि पहिल्या कडीपाशी पक्ष्याचं घरटं होतं.

पीळ पडण्याची आणखी एक वाट आहे. मासा ओढतोय, ड्रॅग (रीलचा ब्रेक) करकर वाजतोय, तंगूस बाहेर चाललंय, आणि माणूस घाबरून हँडल फिरवतोय. तंगूस आत येत नाही, फक्त पिळलं जातं. ड्रॅग वाजत असताना हँडलला हात लावायचा नाही. पीळ पडलाच असेल तर नदीवर उपाय सोपा: गळ-शिसं सगळं काढा, नुसतं तंगूस पन्नास मीटर प्रवाहात सोडा, पाच मिनिटं वाहू द्या आणि ओल्या फडक्यातून परत गुंडाळा.

ड्रॅग किती आवळायचा? तंगुसाच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शाला. सहा किलोच्या तंगुसाला ताणकाटा बांधून ओढल्यावर दोन किलोच्या आसपास रील सुटलं पाहिजे. ताणकाटा नसेल तर दोन किलोची साखरेची पिशवी तंगुसाला बांधून, काठीवर ताण न देता, उचलून बघा. पिशवी जेमतेम जमीन सोडते आणि ड्रॅग हलकासा सुटतो, तिथे थांबा. घरी आल्यावर ड्रॅग पूर्ण ढिला करून ठेवायचा, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात आणि पुढच्या वेळी झटके देत सुटतात. फेक झाल्यावर कमान हँडल फिरवून न मिटता हाताने मिटा. स्वस्त रीलची स्प्रिंग टिकते आणि ढिलं वेटोळं आत जात नाही.

गाठ एकच शिकावी. गळाच्या डोळ्यातून तंगूस ओवा, मोकळं टोक मुख्य तंगुसाभोवती पाच-सहा वेढे फिरवा, डोळ्याजवळच्या फटीतून ओवा, मग तयार झालेल्या मोठ्या वेढ्यातून ओवा, थुंकीने ओलं करा आणि सावकाश आवळा. कोरडी आवळली की नायलॉन घासून गरम होतं आणि गाठ तिथेच अशक्त होते. टोक दोन मिलिमीटर ठेवून कापा. दातांनी नको. शिशाचे मणी दातांनी चेपायची सवय तर अनेक जुन्या लोकांनाही आहे. शिसं विषारी आहे, पकड वापरा, आणि मणी हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका.

गळाचे साधे आकडे उलटे चालतात: आकडा मोठा तितका गळ लहान. '/०' लागलेले आकडे मात्र सरळ: आकडा मोठा तितका गळ मोठा. चिलापीला १० किंवा १२, रोहू-मृगळ-सायप्रिनसला (कॉमन कार्प) ६ ते ८, मरळला मोठा १/० किंवा २/०. संचातले गळ नखावर हलकेच टेकवून ओढून बघा. टोक रुतून थांबलं तर ठीक, घसरलं तर बोथट. बहुतेक घसरतात.

स्थिर पाण्यात फ्लोटची मांडणी: फ्लोट, खाली शिशाचे दोन लहान मणी, शेवटच्या मण्यापासून वीतभर अंतरावर गळ. फ्लोटचं फक्त रंगीत टोक पाण्यावर राहील इतकंच शिसं. अर्धा फ्लोट बाहेर राहिला तर मासा ओढ जाणवून आमिष सोडतो. खोली माशावरून ठरते. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात, मृगळ आणि सायप्रिनस तळाला. म्हणून शिसं तळाला टेकतं की नाही हे आधी तपासा आणि पहिला तास तळाशीच घालवा. वाहत्या नदीत फ्लोट टिकत नाही. तिथे तंगुसावर मोकळं सरकणारं २०-३० ग्रॅमचं शिसं, त्याच्या खाली फिरती कडी, कडीपासून ३०-४५ सेंटीमीटरवर गळ. शिसं मोकळं असल्यामुळे मासा आमिष ओढतो तेव्हा त्याला वजन लागत नाही आणि काठीचं टोक आधी हलतं. संचातली कडी बोटांत धरून फिरवा. वजन लावल्यावर फिरत नसेल तर ती नुसता अडथळा आहे.

आमिषाच्या बाबतीत मात्र सांगलीकरांना बाहेरून काही मागवायची गरज नाही. विकतची सुगंधी पावडर घेण्याआधी तेलघाण्यावर जा. अर्धा किलो शेंगदाणा पेंड मंद भाजून कुटा, तितकाच भाताचा कोंडा किंवा गव्हाचा भुसा, चार-पाच चमचे काकवी, आणि पाणी शिंपडत कालवा. मुठीत दाबलं की गोळा टिकला पाहिजे आणि पाण्यात तळाशी जाऊन दहा मिनिटांत फुटला पाहिजे. घरी बादलीत करून बघा. वरच फुटला तर पाणी कमी आहे, अर्ध्या तासानेही दगडासारखा राहिला तर जास्त दाबलाय. संत्र्याएवढे चार-पाच गोळे सुरुवातीला, मग अर्ध्या तासाला एक. त्याहून जास्त चारा टाकला तर मासे जमतात, पोट भरतात आणि गळाकडे ढुंकून बघत नाहीत.

गळाला लावायची कणीक वेगळी. २०० ग्रॅम गव्हाच्या पिठात ५० ग्रॅम बेसन, गरम पाण्याने घट्ट मळा, दहा मिनिटं वाफवा, पुन्हा मळा, आणि मळताना चिमूटभर पिंजलेला कापूस घाला. कापसाचे धागे कणीक गळावर धरून ठेवतात, नाहीतर फेकतानाच गोळी उडून जाते आणि आपण अर्धा तास रिकाम्या गळाकडे बघत बसतो. चिलापीला वाटाण्याएवढी गोळी, रोहूला करवंदाएवढी. मका लावायचा तर दाणे २४ तास भिजवून फुटेपर्यंत उकडा. मक्याचा फायदा असा की चिलापीची पिल्लं तो कुरतडू शकत नाहीत. वाम, शिंगाळा आणि मरळ कणकेला विचारत नाहीत, त्यांना गांडूळ. शिंगाळ्याच्या कल्ल्यामागच्या आणि पाठीवरच्या काट्यांनी हात सोलून निघतो. तो जाड फडक्यात धरा. वामेच्या पाठीवरही काट्यांची रांग असते.

संचातला रबरी बेडूक कामाला येतो तो केंदाळाच्या (जलपर्णीच्या) कडेला. पावसाळा सरल्यावर नदीकाठच्या डोहांत आणि खणींत केंदाळाचा थर असतो आणि त्याच्याखाली मरळ. बेडकाचे गळ वर वळलेले आणि पाठीला चिकटलेले असल्याने तो केंदाळावरून अडकल्याशिवाय सरकतो. हळू ओढा, थांबा, पुन्हा ओढा. मरळने उसळी मारली की लगेच हिसका देऊ नका, दोन अंक मोजा. रबरी मासे मात्र तिहेरी गळामुळे केंदाळात पहिल्या फेकीलाच गमावले जातात.

वयाप्रमाणे काय बदलायचं? सात-आठ वर्षांच्या मुलाला ही काठी आणि रील मिळून जड पडते. त्याला बांबू द्या, किंवा दीड मीटरची काठी. गळाचा उलटा काटा पकडीने चेपून सपाट करा. मासा निसटेल एखादा, पण बोटात गेलेला गळ सरळ बाहेर येतो. उलटा काटा आत रुतला असेल तर ओढू नका, तंगूस कापा आणि दवाखाना गाठा, धनुर्वाताचं इंजेक्शनही घ्या. डोळ्याजवळ असेल तर घरगुती काहीही नको. फेकताना मागे कोणी नाही हे बघण्याची जबाबदारी फेकणाऱ्याची, आणि सोबतच्या सगळ्यांना साधा चष्मा किंवा गॉगल. पाण्याजवळ मुलाच्या अंगात लाइफ जॅकेट, पोहता येत असलं तरी. साठीच्या पुढच्यांसाठी खरी अडचण काठी धरून बसण्याची आहे, खांदा आणि मनगट भरून येतं. संचात स्टँड नसतो. दरडीत रोवायचा लोखंडी सळीचा स्टँड गावातला वेल्डर सहज करून देतो, वर इंग्रजी यू आकार आणि टोकाला अणी. काठीच्या टोकाला बारीक घुंगरू बांधलं की डोळे मिटून बसलं तरी चालतं. पाठ टेकता येईल अशी घडीची खुर्ची हवी, तिपाई नको.

वेळ सकाळी सहा ते नऊ, नाहीतर उन्हं कलल्यावर. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार होऊन सायप्रिनस, रोहू मंदावतात, तेव्हा दुपारच्या कोवळ्या उन्हात जास्त लागतात. पण त्याच दुपारी मगरी उन्हाला काठावर येतात. म्हणून हिवाळ्यात नदी सोडून तलावावर जाणं शहाणपणाचं. उन्हाळ्यात मादी अंड्यांजवळ असते आणि जास्त आक्रमक होते, तेव्हा वाळूच्या आणि मातीच्या निर्मनुष्य दरडी टाळाव्यात. धरलेले मासे दोरीत ओवून पाण्यात सोडायची आपल्याकडे पद्धत आहे. कृष्णेवर ती बंद करा, ते मगरीला दिलेलं आमंत्रण आहे. मासे बर्फाच्या डब्यात, आणि साफ करायचे ते घरी. आतडी काठावर टाकायची नाहीत. मासा काठाशी आला की पाण्यात उतरू नये म्हणून दीड-दोन मीटर दांड्याची हातजाळी लागते, ती या संचात नसते आणि इथे ती काठीइतकीच गरजेची आहे. मगर दिसली तर सामान आवरून निघा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे, दगड मारणंही अंगाशी येतं.

डिग्रज, सांगली, म्हैसाळच्या बंधाऱ्यांखाली मासे साठतात हे खरं. पण तिथला भोवरा खाली ओढतो आणि बरगे (बंधाऱ्याच्या फळ्या) काढले की पाणी अचानक वाढतं. बंधाऱ्यापासून निदान शंभर मीटर खाली बसा. पावसाळ्यात तर संच माळ्यावरच बरा. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी धरली जाते, पण काठ सुटायला तेवढं पाणी लागत नाही. शिवाय रोहू-कटला-मृगळ याच दिवसांत अंडी घालतात. पोट फुगलेली मादी लागली तर सोडून द्या. खडस लागला, म्हणजे आपला दख्खनी महसीर, तर तोही सोडा. ओल्या हाताने धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा पुढे बुरशी लागून मरतो.

धरणं आणि तलाव मोकळे आहेत असं समजू नका. त्यांतल्या मासेमारीचे ठेके मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. साताऱ्याकडे धोम किंवा कण्हेरला जायचं असो की जवळच्या पाझर तलावावर, संस्थेच्या माणसाला विचारूनच गळ टाका. हौशी माणसाला बरेचदा तोंडी परवानगी मिळते, न विचारता बसलात तर काठी जप्त झाल्याची तक्रार करायला जागा उरत नाही. चांदोली आणि कोयनेचं जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे काठी न्यायचीच नाही. औदुंबरला किंवा हरिपूरच्या संगमावर घाटांवर गळ टाकणं लोकांना खटकतं, आणि ते रास्तच आहे. नदीत मेलेले मासे तरंगताना दिसले तर त्या आठवड्यात गळाचा मासा खाऊ नका. अडकून तुटलेलं तंगूस मात्र शक्य तेवढं गोळा करून घरी आणा. बगळ्याच्या पायात गुंतलं की पाय कापूनच निघतं.

शेवटचा प्रश्न ऑनलाइन की दुकान. सांगली-मिरजेत जाळी आणि तंगूस विकणाऱ्या दुकानांत हाच संच शे-दोनशे रुपये जास्त पडू शकतो. पण तिथे हँडल फिरवून बघता येतं, गळ सुटे मिळतात आणि गिऱ्हाईक बरं दिसलं तर दुकानदार तंगूस भरूनही देतो, म्हणजे वर सांगितलेला सगळा खटाटोप वाचतो. ऑनलाइन घेतलात तर पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढा आणि काठीच्या प्रत्येक कडीत बोट फिरवून आतलं सिरॅमिकचं वर्तुळ शाबूत आहे का बघा, ते प्रवासात निखळतं आणि मग उघडा पत्रा तंगूस कापतो. दुकानातून घेताना एवढंच विचारा: टोकाचं कांडं मोडलं तर सुटं मिळेल का? मिळत असेल तर शे-दोनशे रुपये जास्त द्या.